आतड्याच्या जुन्या जखमेचा इतिहास

काटोल तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही सहयोगिनी आज एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. गटाच्या बैठकीत आपण कर्जाच्या हप्त्यावर बोलतो, नवऱ्याच्या दारूवर बोलतो, सुनेच्या बाळंतपणावर बोलतो. पण संडासवाटे रक्त जातं, हे कोणी बोलत नाही. खोदून विचारलं तर उत्तर येतं, "मूळव्याध असन, उन्हाळ्यात होतेच." कोणी ताक पिते, कोणी कुड्याच्या सालीचा काढा घेते, कोणी बाजाराच्या दिवशी तंबूवाल्याकडून पुडी आणते. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. कधी आव असते, म्हणजे अमिबाची हगवण. पण कधी कधी ते तिसरंच काही असतं, आणि आजचं बोलणं त्या तिसऱ्याबद्दल आहे.

त्याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते लालबुंद होतं, त्याच्यावर बारीक व्रण पडतात. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला धावावं लागतं, रक्त आणि शेंब पडतो, पोटात कळ येते, अंगातलं रक्त कमी होतं. हा आजार खरकट्या पाण्यानं लागत नाही आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. शरीराची राखणदारी करणाऱ्या पेशीच आपल्या आतड्यावर उलटतात. काही महिने आजार पेटतो, मग थंड होतो, मग पुन्हा पेटतो. असं वर्षानुवर्षं चालतं.

आता खरी गोष्ट. हा आजार बरीच वर्षं पेटता राहिला, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि ही आग विझवून ठेवली, तर तो धोका खाली येतो. सांगायला दोन वाक्यं लागली. हे कळायला मात्र दीडशे वर्षं लागली.

जुन्या जखमेचा आणि कॅन्सरचा संबंध सगळ्यात आधी कातडीवर दिसला, कारण कातडी डोळ्यांना दिसते. १८२८ मध्ये फ्रान्सच्या मार्जोलँ नावाच्या शल्यवैद्यानं वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांचं वर्णन करून ठेवलं. अशा जखमेत पुढं जो कॅन्सर होतो, त्याला आजही डॉक्टर मार्जोलँचा व्रण म्हणतात. १८६३ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठी पाहून मत मांडलं, की जिथं दीर्घकाळ दाह चालतो तिथं कॅन्सर उगवतो. तेव्हा ते मतच होतं. पुरावा पुढच्या लोकांनी गोळा करायचा होता.

त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रुग्णाच्या शरीरातला तुकडा तपासून रोग ओळखणं हे त्यांचं काम. कॅन्सर कोणाला, कुठं आणि कशामुळं होतो याचा शोध घेताना ते माणसाच्या रोजच्या सवयींकडे बघत. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी धोतराच्या कॅन्सरची माहिती प्रसिद्ध केली. कमरेवर धोतर त्याच जागी आवळून बांधलं, की कातडी घासते, काळी पडते, तिथं जखम होते, आणि क्वचित कोणाला वर्षांनंतर त्याच जागी कॅन्सर होतो. काश्मीरमध्ये थंडीत कपड्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथं पोटाच्या आणि मांडीच्या भाजलेल्या कातडीवर होतो तो कांगडीचा कॅन्सर.

हे जुनं झालं असं समजू नका. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायांची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तरीची, दुसरी साठी उलटलेली. दोघींच्या कमरेला जिथं लुगडं किंवा परकराची नाडी घट्ट आवळली जायची, तिथं न भरणारी जखम झाली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. काटोलहून वर्धा किती लांब आहे? आणि आपल्यातल्या किती जणींच्या कमरेवर नाडीचा काळा पट्टा आहे? घाबरायचं कारण नाही, तो पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. नाडी सैल बांधा, जागा बदला, आणि जखम महिनाभरात भरली नाही तर दाखवा. आमच्या विषयासाठी यातून एवढंच घ्या, की कुठलीही जागा वर्षानुवर्षं चिडलेली ठेवली तर ती बिघडू शकते. कमरेवरची जागा निदान दिसते. आतड्याची कोणाला दिसणार?

आतड्याची पहिली नोंद एका बाईच्या मरणातून झाली. तिचं नाव इझाबेला बँक्स. १८५९ मध्ये लंडनजवळच्या रिचमंडला ती जुलाब, उलट्या आणि रक्त जाऊन वारली. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरनं आपली पहिली बायको हयात असताना तिच्याशी लग्न लावलेलं होतं. तिच्या मृत्युपत्रातली मिळकतही त्याच्याच नावे होती. त्यानं तिला सोमल घातला, असा आरोप झाला आणि न्यायालयानं त्याला फाशीची शिक्षा सुनावली. पण सोमल शोधण्याची जी चाचणी केली होती, तिच्यासाठी वापरलेल्या तांब्यातच सोमल होता, हे उघड झालं. देशभरातल्या डॉक्टरांनी हरकती घेतल्या. शेवटी खुनाच्या शिक्षेतून त्याला माफी मिळाली आणि दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यासाठी एक वर्षाची कैद झाली.

या सगळ्या गोंधळात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे सॅम्युअल विल्क्स यांनी इझाबेलाचं आतडं नीट तपासलं. त्यात सूज आणि व्रण होते. ही नेहमीची हगवण नाही, हा वेगळाच आजार आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास त्या टिपणापासून सांगतात. पुढच्या काही तज्ज्ञांनी ती नोंद पुन्हा वाचून म्हटलं, की तिला याच घराण्यातला दुसरा आजार, क्रोन्स, असावा. ते काहीही असो. जिवंत असताना तिचं दुखणं कोणाला ओळखता आलं नाही, आणि मेल्यावर कोर्टात तिच्या पोटाची चर्चा झाली. हे वाचताना आम्हाला आपल्या इकडच्या कितीतरी बाया आठवल्या, ज्यांच्या दुखण्याला मेल्यावरही नाव मिळालं नाही.

यानंतर साठेक वर्षांत एक नवं साधन आलं. नळीतून आतड्याचा शेवटचा भाग डोळ्यांनी बघता येऊ लागला. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि रोझेनबर्ग या डॉक्टरांनी १९२५ मध्ये अशा रुग्णांची निरीक्षणं छापली. त्यात एक रुग्ण असा होता, की बरीच वर्षं कोलायटिस असलेल्या त्याच आतड्यात कॅन्सर झाला होता. त्यानंतर ठिकठिकाणचे डॉक्टर अशा नोंदी जमवू लागले. संबंध दिसत होता, पण हातात औषध नव्हतं. आग दिसते आहे आणि विहिरीला पाणी नाही, अशी गत.

पाणी सापडलं स्वीडनमध्ये, आणि ते एका बाईला सापडलं. डॉ. नॅना स्वार्ट्झ यांचा जन्म १८९०चा. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्या शोधत होत्या संधिवातावरचं औषध. सांध्यांचा दाह जंतूंमुळं होत असावा असं त्यांना वाटे. म्हणून जंतू मारणारं सल्फाचं औषध आणि दाह कमी करणारं, ॲस्पिरिनच्या कुळातलं सॅलिसिलिक आम्ल, हे दोन्ही एका रेणूत जोडून घ्यायचं त्यांनी ठरवलं. एका स्वीडिश औषध कंपनीबरोबर त्यांनी ते तयार करून घेतलं. रुग्णांना देताना त्यांच्या ध्यानात आलं, की ज्यांना कोलायटिस आहे त्यांचं रक्त जाणं थांबतं आहे. १९४२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. ते औषध म्हणजे सल्फासलाझिन. आजही ते आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं, आणि ऐंशी वर्षांहून जास्त काळ लोकांचं आतडं शांत ठेवत आलं आहे.

या औषधात नेमकं काम कोण करतं, याचा उलगडा आपल्या शेजारच्या माणसानं केला. बांगलादेशचे डॉ. आझाद खान ऑक्सफर्डला सिडनी ट्रूलव्ह यांच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी औषधाचे दोन तुकडे वेगळे केले आणि रुग्णांना बस्तीतून दिले, काहींना अख्खं औषध, काहींना सल्फाचा तुकडा, काहींना सॅलिसिलिकच्या कुळातला तुकडा. १९७७ मध्ये निकाल छापला. गुण येत होता तो या शेवटच्या तुकड्यानं. सल्फाचा तुकडा फक्त त्याला मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचवणारा हमाल होता, आणि बरेचसे त्रास या हमालाचेच होते. मग हमाल काढून टाकून नुसता कामाचा तुकडा गोळीत आणला, त्याला मेसालामिन म्हणतात. आज बहुतेक रुग्णांना पहिलं औषध हेच मिळतं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिचा भार बायांवर पडतो. पुरुष सल्फासलाझिन घेत असेल, तर त्याच्या वीर्यातले शुक्रजंतू कमी होऊ शकतात. औषध बदललं की दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतात. डॉक्टरांना हे १९७९ पासून माहीत आहे. घरात मूल होत नाही म्हणून सुनेला नवसाला आणि तपासण्यांना फिरवण्याआधी, मुलगा कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टरला सांगा.

ट्रूलव्ह यांचं नाव आलं तर त्यांचं मोठं कामही सांगू. १९५५ मध्ये त्यांनी आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिझोनची चाचणी केली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कॉर्टिझोन हे स्टेरॉइड. जोराचा झटका आलेल्या रुग्णाला ते वाचवू शकतं, हे त्या चाचणीनं पक्कं केलं. त्याआधी जोराच्या झटक्यात कितीतरी माणसं दगावत. पण स्टेरॉइड आग विझवायला चांगलं, रोजच्या राखणीला नाही. वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. गावात कोणी पांढरी गोळी देऊन लगेच बरं करतं, तेव्हा ती गोळी कशाची आहे हे विचारायचं.

रोजच्या राखणीला काय लागतं, याचं उत्तर १९६५ आणि १९७३ मध्ये मिळालं. दोन्ही चाचण्यांत आजार थंडावलेले रुग्ण घेतले. काहींना सल्फासलाझिन चालू ठेवलं, काहींना न सांगता खोटी गोळी दिली. ऑक्सफर्डच्या १९७३ च्या चाचणीत तर वर्षाहून जास्त काळ औषधावर ठणठणीत असलेलेच लोक होते. खोटी गोळी मिळालेल्यांचा आजार औषधवाल्यांच्या चौपट प्रमाणात उलटला. म्हणजे ज्यांना काहीच त्रास नव्हता, त्यांचा त्रास गोळीनंच अडवून धरला होता.

आम्हाला हे आपल्या भागात समजावून सांगायला सोपं जातं. संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागतो, तेव्हा बुंध्याची साल तडकते आणि डिंक गळतो. शेतकरी काय करतो? साल खरवडून मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मलम लावतो. आणि पुढच्या वर्षी झाड हिरवंगार दिसत असलं, तरी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मलम लावतो. "यंदा डिंक नाही दिसत, मलमाचे पैसे वाचवू," असं जो म्हणतो, त्याची बाग तीन-चार वर्षांत बसते. बुंध्याला हे आपण करतो. स्वतःच्या पोटाला करत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. दोन वर्षं मूळव्याध समजून इलाज चालला, अंगातलं रक्त पार उतरलं. शेवटी नागपूरला दुर्बिणीतून तपासणी झाली, कोलायटिस निघाला, गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत ताई पुन्हा शेतात जाऊ लागल्या. मग आंबिया बहाराच्या फवारणीचा खर्च आला, आणि घरातल्यांनी हिशोब मांडला, की आता बरी आहेस ना, मग गोळ्या कशाला? पुढच्या पावसाळ्यात आजार उलटला आणि भरती व्हावं लागलं. भरतीचा खर्च वर्षभराच्या गोळ्यांहून जास्त आला. गटानं कर्ज दिलं, ते फिटायला दीड वर्ष गेलं. ताई आज गोळ्या घेतात आणि बैठकीत स्वतःच सांगतात, "माह्यावाणी करू नका."

इथवर आपण सूज आणि औषध पाहिलं. आता कॅन्सरकडे परत येऊ. सूज असताना आतड्यात काय होतं? अस्तराच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या घाईनं तयार होतात. आपल्या गटाचं रजिस्टर डोळ्यांपुढं आणा. जुनं रजिस्टर फाटलं म्हणून सचिव ते नव्या वहीत उतरवून काढते. निवांत बसून उतरवलं तर एखादी चूक होईल. पण दर पंधरवड्याला, धावपळीत, धुरानं डोळे चुरचुरत असताना उतरवत राहिलं तर? चुकांवर चुका साचतील, आणि एखादी चूक अशी असेल की सगळा हिशोबच फिरेल. पेशींचंही तसंच. त्यातून दाहामध्ये जी तीव्र रसायनं सुटतात, ती मूळ लिखाणावरच डाग पाडतात. चुका साचलेली एखादी पेशी मग कोणाचं ऐकेनाशी होते आणि वाढतच सुटते.

ही बिघाडाकडची वाटचाल कॅन्सर होण्याआधी ओळखता येते, हे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात बॅसिल मॉर्सन आणि लिलियन पँग यांनी १९६७ मध्ये दाखवलं. आतड्याच्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पेशींचा आकार आणि रांग बिघडू लागलेली दिसते. यानंतर कोलायटिसच्या जुन्या रुग्णांची ठरावीक काळानं दुर्बिणीतून तपासणी करण्याची पद्धत पडली. बिघाड वेळेत सापडला तर तो भाग काढता येतो. गरज पडली तर मोठं आतडं काढून, लहान आतड्याची पिशवी शिवून, संडासची वाट नेहमीच्याच जागी ठेवण्याची शस्त्रक्रिया त्याच सेंट मार्क्समध्ये १९७८ मध्ये पुढं आली.

धोका नेमका किती, याचे आकडे स्वीडनमधून आले, कारण तिथं प्रत्येक नागरिकाची नोंद असते. १९९० मध्ये तिथल्या ३,११७ रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांच्या फक्त गुदाशयाला सूज होती, त्यांचा धोका इतरांपेक्षा थोडाच जास्त होता, १.७ पट. डाव्या बाजूला सूज असणाऱ्यांचा २.८ पट. आणि सबंध मोठ्या आतड्याला सूज असणाऱ्यांचा जवळपास १५ पट. म्हणजे जितकी जागा पेटलेली, तितका धोका. २००१ मध्ये ११६ अभ्यास एकत्र मांडून हिशोब केला, तेव्हा आजार सुरू झाल्यापासून १० वर्षांनी शंभरात २ जणांना, २० वर्षांनी ८ जणांना आणि ३० वर्षांनी १८ जणांना कॅन्सर, असं चित्र निघालं. म्हणजे जितकी वर्षं, तितका धोका.

राहिला तिसरा प्रश्न. आग किती जोराची, यावर धोका ठरतो का? कारण जागा आणि वर्षं आपल्या हातात नाहीत, आगीचा जोर मात्र औषधानं कमी करता येतो. याचं उत्तर २००४ मध्ये पुन्हा सेंट मार्क्समधूनच मिळालं. मॅथ्यू रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सर किंवा त्याआधीचा बिघाड झालेल्या ६८ रुग्णांची, तसा बिघाड न झालेल्या १३६ रुग्णांशी तुलना केली. दोन्हींचे जुने तुकडे काढून सुजेला गुण दिले. ज्यांची सूज वर्षानुवर्षं जास्त, त्यांना धोका जास्त. त्याच सुमारास त्यांनी दुसरीही गोष्ट दाखवली. ज्या जुन्या रुग्णांचं आतडं दुर्बिणीत अगदी निरोगी दिसलं, त्यांचा पुढच्या पाच वर्षांतला धोका सर्वसाधारण माणसाच्या जवळ आलेला होता. फिरखोंचं मत १८६३ चं, हा पुरावा २००४ चा. मध्ये १४१ वर्षं गेली.

त्याच वर्षी अमेरिकेत सॅन दिएगो इथं मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर असाच शोध चालला होता. दाहाचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारी एक कळ त्यांनी उंदरांच्या आतड्यात बंद केली, तर गाठी खूपच कमी झाल्या. उंदरांवरच्या कॅन्सर संशोधनाला आपल्याकडेही जुनी परंपरा आहे. खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली काम केलेल्या, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊती-संवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरवर काम केलं. भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली, तिच्या त्या एक संस्थापक.

औषधं आणि तपासण्या सुधारल्या, त्याचा परिणाम दिसू लागला आहे. डेन्मार्कमध्ये १९७९ ते २००८ या तीस वर्षांतल्या सगळ्या रुग्णांचा हिशोब २०१२ मध्ये छापला. तिथं कोलायटिसच्या रुग्णांचा आतड्याच्या कॅन्सरचा धोका एकूण पाहता इतर लोकांइतकाच भरला, आणि दशकामागून दशक तो कमी होत गेलेला दिसला. ज्यांना लहानपणीच आजार झाला, ज्यांचा आजार फार जुना, किंवा ज्यांना यकृताच्या पित्तनलिकांचाही आजार आहे, त्यांचा धोका मात्र अजून जास्तच आहे. मेसालामिन स्वतः कॅन्सर अडवतं की फक्त सूज कमी करून अडवतं, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. सूज खाली ठेवावी, यावर आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळं गोऱ्या लोकांचं दुखणं. आपल्याकडेही डॉक्टर बरीच वर्षं तसंच समजत. रक्ताची हगवण म्हटली की अमिबा, आणि त्याची गोळी. आतड्याचा टीबीही आपल्याकडे पुष्कळ, तोही यात मिसळून जातो. मग लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची विचारपूस केली. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, की लाख लोकांमागे ४४ जणांना हा आजार आहे. तो आकडा पंजाबचा आहे, विदर्भाचा नाही. तरी आपल्या तालुक्याची वस्ती लाखाच्या वर आहे, हे ध्यानात घ्या. गावागावांत मूळव्याध म्हणून कितीतरी जणी दिवस काढतात, त्यांच्यातल्या काही जणी या हिशोबातल्या असतील.

हळदीबद्दल हमखास विचारलं जातं. २००६ मध्ये जपानमध्ये हळदीतलं कर्क्युमिन दिवसाला २ ग्रॅम, आणि तेही नेहमीच्या औषधाबरोबर दिलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. २०१७ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये कमी मात्रा देऊन पाहिली, तर फरक पडला नाही. भाजीतल्या चिमूटभर हळदीत कर्क्युमिन अगदी थोडं असतं. हळद खा, पण हळदीवर भिस्त ठेवून गोळी सोडू नका.

इतक्या इतिहासातून आपण गटापुरतं काय घ्यायचं, ते आम्ही ठरवलं आहे. दोन-तीन आठवडे संडासातून रक्त किंवा शेंब जात असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून संडाससाठी उठावं लागत असेल, तर मूळव्याधीचं नाव घेऊन बसायचं नाही. आधी काटोलच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं, आणि ते म्हणतील तर नागपूरला दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. कोलायटिस ठरला तर गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. दिवस गेले तरी नाही. गरोदरपणात आजार पेटणं हे आईला आणि बाळाला जास्त धोक्याचं असतं, आणि मेसालामिन सहसा तेव्हाही चालतं. डॉक्टरला विचारून ठरवायचं. आजार पेटता आहे की शांत, हे पाहायला विष्ठेची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, प्रत्येक वेळी दुर्बीण लागत नाही. मात्र आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली, की कॅन्सरसाठीची दुर्बिणीची तपासणी करायची, आणि पुढची कधी ते डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यायचं. पित्तनलिकांचा आजार सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही, दर वर्षी करायची. ज्यांना मोठी इंजेक्शनं सुरू करायला सांगतात, त्यांनी आधी टीबीची तपासणी झाली का, हे विचारायचं.

पैशाचंही बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे आणि पोटाच्या शस्त्रक्रियांचे पुष्कळ इलाज बसतात, कोणता बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरातून होतो. म्हणून आमच्या काही गटांनी ठरवलं आहे, की आजारपणाच्या कर्जात नेहमीच्या गोळ्याही धरायच्या. कर्ज फक्त भरतीसाठी नको. बियाण्याला आणि शाळेच्या फीला आपण कर्ज देतो, तसंच हे. तुमच्या गटानं यावर पुढच्या मासिक बैठकीत एक ठराव घ्यावा, असं आमचं सांगणं आहे. त्या ठरावाआधी एकदा सगळ्यांना विचारा, कोणाच्या घरात कोणाला रक्त जातं का. उत्तर लगेच येणार नाही. बैठक संपल्यावर, चपला घालताना, कोणीतरी हळूच सांगेल. तिच्यासोबत दवाखान्यात जायला एकीनं तयार राहा.